पाचशे बारा खणांत न मावणारी मराठी

संगणक धडधाकट असतो तोवर मराठी बोलतो. आजारी पडला की इंग्रजीवर येतो. कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावात आज सातबारा मराठीत पडद्यावर दिसतो, बेदाण्याच्या सौद्याची पट्टी मराठीत छापून हातात पडते, शाळेतली पोरं मोबाइलवर सराईतपणे मराठी टाइप करतात. पण ऐन कामात वीज गेली, यूपीएसची बॅटरी बसलेली असली आणि यंत्र पुन्हा सुरू होताना डिस्कवरच्या नोंदी विस्कटलेल्या निघाल्या, की लिनक्सवर चालणारा संगणक काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत काही सांगू लागतो. काय बिघडलं हे त्या ओळींत असतं, पुष्कळदा पुढे काय करायचं तेही असतं. समोरचा माणूस मात्र त्या वाचत नाही. बटण दाबून धरतो, यंत्र बंद करतो, पुन्हा लावतो, आणि तिसऱ्या खेपेनंतर ते पोत्यात घालून रत्नागिरी-नागपूर महामार्गानं मिरजेच्या दुकानात पोचतं. तिथे सगळ्यात सोपा इलाज एकच असतो, डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकणं. या काळ्या पडद्याला जाणकार ‘कन्सोल’ म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांत मराठीनं संगणकावर जी मजल मारली ती या कन्सोलच्या उंबऱ्याशी येऊन थांबली आहे. तो उंबरा ओलांडायला हवा, असं माझं मत आहे. आणि ओलांडायची वाट आपल्याला आधी सुचेल ती नव्हे, असंही.

आधी हा पडदा काय आहे ते पाहू. संगणकाचं यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसलेला कारभारी म्हणजे कर्नल. (लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही, तरी ‘कर्नल पॅनिक’ ही ओळ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एखादा अधिकारी घाबरल्यासारखं वाटलं तर दोष त्याचा नाही.) खिडक्या, चित्रं, माउसचा बाण हे सगळं उभं राहण्याच्या आधी कर्नलला बोलायला जागा लागते आणि वरचं सगळं कोसळल्यावरही लागते. ती जागा म्हणजे कन्सोल. तिची ठेवण आजही आयबीएमनं १९८७ साली पीएस/२ यंत्रांबरोबर आणलेल्या व्हीजीए कार्डावर बेतलेली आहे. ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, प्रत्येक घरात एक अक्षर. कार्डाच्या स्मृतीत अक्षरांची चित्रं ठेवायला २५६ खण. ताणून ५१२ करता येतात, पण त्यासाठी रंगाच्या खुणेतली एक बिट द्यावी लागते, म्हणजे सोळा रंगांतले आठ गहाण पडतात. पुढे लिनक्सनं ‘फ्रेमबफर कन्सोल’ आणला. त्यात अक्षरं कार्डाच्या खणांतून येत नाहीत, कर्नल ती ठिपक्या-ठिपक्यांनी स्वतः रंगवतो. २००९ सालच्या २.६.२९ या आवृत्तीपासून तर पडद्याचं रेझोल्यूशन ठरवण्याचं कामही कर्नलनं स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. ठिपके हातात आले म्हणजे कोणतीही लिपी काढता यायला हरकत नव्हती. पण जुन्या घराचा नकाशा तसाच राहिला. एका घरासाठी सोळा बिट, त्यांतल्या जास्तीत जास्त नऊ अक्षराच्या क्रमांकासाठी, आणि नऊ बिटांत मोजता येतात ५१२. कार्ड बदललं, खणांची संख्या तीच.

कर्नल स्वतः बांधायला बसणाऱ्याला मांडणीच्या यादीत ‘ग्राफिक्स सपोर्ट’च्या पोटात ‘कन्सोल डिस्प्ले ड्रायव्हर सपोर्ट’ असं एक दालन लागतं. व्हीजीएचा मजकुरी कन्सोल हवा का, फ्रेमबफरवाला हवा का, एकाहून अधिक कार्डं असतील तर मुख्य कोणतं, असे प्रश्न तिथे विचारले जातात. कन्सोल नव्वद अंशांत फिरवण्याची किंवा उलटा टांगण्याचीही सोय आहे. कर्नलमध्ये कायमचे भरायचे फॉन्ट वेगळ्या यादीतून निवडायचे असतात, आणि ती यादी वाचण्यासारखी आहे. व्हीजीएचे दोन, जुन्या मॅकचा एक, सन कंपनीच्या यंत्रांचे, ब्रिटनच्या अ‍ॅकॉर्न संगणकाचा, आणि अलीकडे मोठ्या पडद्यांसाठी आलेला टर्मिनस. अ‍ॅकॉर्नचे संगणक आज संग्रहालयात बघायला मिळतात, सन कंपनी २०१० साली ओरॅकलच्या पोटात गेली. त्यांची अक्षरं मात्र जगभरच्या कर्नलमध्ये जिवंत आहेत. २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख माणसांची मातृभाषा असलेल्या मराठीचं एक अक्षर तिथे नाही. कर्नलच्या बाहेरून फॉन्ट चढवता येतो, त्यासाठी डेबियन या लिनक्स वितरणात ‘कन्सोल-सेटअप’ नावाचं पॅकेज आहे. त्यात ग्रीक आहे, हिब्रू आहे, अरबी, जॉर्जियन, व्हिएतनामी आहे. थाई, लाओ आणि इथिओपियनही आहे. देवनागरी नाही. लाओसची लोकसंख्या एक कोटीसुद्धा नाही, तेव्हा हा प्रश्न डोकी मोजण्याचा नाही हे उघड आहे.

प्रश्न लिपीच्या घडणीचा आहे, आणि तो मराठी छापखान्यांना संगणकाच्या शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होता. इंग्रजी जुळाऱ्याला खिळे ठेवायच्या दोन पेट्यांत, म्हणजे ‘केसां’त, भागत असे. देवनागरी जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांचा पसारा, त्यात अख्खं अक्षर एकाच खिळ्यात देणारा अखंड टाइप आणि तुकड्यांतून अक्षर जुळवणारा डिग्री टाइप असे दोन पंथ. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं त्या पसाऱ्यातूनच देखणी अक्षरं काढली, लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, सावरकरांनी तर ‘अ’लाच इकार-उकार लावून स्वरांचे खिळे वाचवायचा मार्ग सुचवला. पाचशे बारा खणांचा कन्सोल हा त्याच केसाचा नवा अवतार आहे. पण कन्सोल जुळाऱ्याहून जास्त हट्टी आहे. जुळारी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा व्यंजनाच्या आधी बसवायचा, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक त्याला कळायचा. कन्सोलला यातलं काही कळत नाही. आलेला प्रत्येक संकेत तो आल्या क्रमानं पुढच्या घरात ठेवतो. व्यंजन आधी साठवलं जातं आणि वेलांटी नंतर, म्हणून ती व्यंजनाच्या मागे पडते. जोडाक्षर जुळतच नाही. सोळा ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेघेवरचा अनुस्वार आणि खालचा उकार एकमेकांचा श्वास कोंडतात. इथिओपियन लिपी ५१२ खणांत बसते, कारण तिचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक अखंड खिळा आहे. आपल्या अक्षराला आजूबाजूची अक्षरं पाहूनच उभं राहावं लागतं.

तरी अशक्य म्हणून सोडून द्यावं असं नाही, कारण हे एकदा करून झालेलं आहे आणि तेही पुण्यात. देवनागरीची लेखनपद्धत संगणकाला शिकवण्याचं काम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कानपूरच्या आयआयटीत झालं. तिथले मोहन तांबे आणि ते तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, आणि ‘जिस्ट’ कार्ड तयार झालं. पीसीच्या पेटीत बसवायचं हे एक वेगळं कार्ड होतं. डॉसच्या मजकुरी पडद्यावर जाणारी अक्षरं ते वाटेत अडवायचं, संकेतांवरून जोडाक्षरं जुळवायचं आणि देवनागरीत रंगवून पडद्यावर पाठवायचं. त्यामुळे ज्यांच्या कर्त्यांनी देवनागरीचं नावही ऐकलं नव्हतं अशा डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या प्रोग्रॅममध्ये त्यांची एक ओळही न बदलता मराठी नोंदी करता येऊ लागल्या. युनिक्सच्या यंत्रांना जोडायला जिस्टची टर्मिनलंही होती. त्यामागची इस्की संकेतप्रणाली १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकानं भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरच बेतला गेला. आज मोबाइलवर ‘आई’ लिहिताना जे संकेत उमटतात त्यांची मांडणी तिथून आलेली आहे. त्याच काळात जपानमध्ये एनईसीच्या पीसी-९८०१ यंत्रांत कांजी अक्षरांची वेगळी रॉम असे, आणि आयबीएम जपाननं १९९०मध्ये डॉस/व्ही काढून तेच काम साध्या व्हीजीए कार्डावर निव्वळ सॉफ्टवेअरनं करून दाखवलं. दोन्ही देशांनी एक गोष्ट ओळखली होती. लिपी तळाशी बसवली की वरचा सगळा बाजार आपोआप आपला होतो.

मग विंडोज आलं, चित्रमय पडदा आला, युनिकोड रुजलं, आणि तळाचं काम निरुपयोगी ठरल्यासारखं झालं. लिपीची सारी हुशारी वरच्या मजल्यावर गेली. तिथे मराठी माणसांनी कमी केलं असं कोणी म्हणू नये. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीतून ‘लोहित’ फॉन्ट निघाले, मोकळ्या परवान्यानं वाटले गेले; फायरफॉक्स आणि लिनक्सच्या डेस्कटॉपचं मराठी भाषांतर बहुतांशी स्वयंसेवकांनी केलं. पण वरच्या मजल्याची सवय लागली की तळघराकडे कोणी फिरकत नाही. डेबियनमध्ये इन्स्टॉल करतानाच मराठी निवडायची असेल तर चित्रमय इन्स्टॉलर लागतो. मजकुरी इन्स्टॉलरच्या यादीत मराठी नसते, कारण त्या पडद्याला ती रंगवता येत नाही. म्हणजे जुनं कार्ड असलेलं, चित्रमय पडदा न पेलणारं यंत्र ज्याच्या वाट्याला येतं, त्याच्याच वाट्याला मराठी येत नाही. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२५मध्ये सरकारी कचेऱ्यांत मराठीच्या वापराचा आदेश काढला, आणि सरकारी पैशानं घेतलेल्या संगणकांच्या कीबोर्डवर रोमनबरोबर देवनागरी अक्षरंही हवीत असं त्यात म्हटलं. स्वागतच आहे. पण कीबोर्डवरचं अक्षर हे दारावरच्या पाटीसारखं. घरात आग लागल्यावर घर कोणत्या भाषेत ओरडतं, हा विचार त्या आदेशात दिसत नाही.

यावर उत्साही माणूस म्हणेल, मग देवनागरी जुळवणारं यंत्र सरळ कर्नलमध्येच घाला. या मागणीला जाणकारांचा विरोध आहे, आणि मला तो पटतो. आजचा फॉन्ट म्हणजे नुसत्या चित्रांचा गठ्ठा नसतो. कोणत्या अक्षरापुढे कोणतं आलं तर काय करायचं याचे नियम पोटात बाळगणारा तो एक लहानसा प्रोग्रॅमच असतो. असा परका प्रोग्रॅम कारभाऱ्याच्या गादीवर बसवला तर काय होतं ते २०११ साली जगानं पाहिलं. ‘डूकू’ नावाची हेरगिरीची कीड वर्डच्या फाइलीत दडवलेल्या एका फॉन्टमधून विंडोजच्या कर्नलमध्ये घुसली, कारण फॉन्ट वाचण्याचं काम विंडोज कर्नलमध्येच करत होतं. भारतीय लिप्यांची जुळणी किती नाजूक असते याचा दाखला फेब्रुवारी २०१८मध्ये मिळाला. तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे जोडाक्षर निरोपात आलं की आयफोनवरचं अ‍ॅप कोसळायचं, आणि अ‍ॅपलला तातडीनं दुरुस्ती काढावी लागली. ते अ‍ॅप होतं म्हणून निभावलं. तीच चूक कर्नलमध्ये असती तर अख्खा फोन बसला असता. शिवाय कर्नलमधलं कन्सोलचं दालन आधीच अनाथासारखं आहे. वर सरकून गेलेल्या ओळी मागे आणून वाचायची जी सोय त्यात होती, ती लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०२०मध्ये सुरक्षेची भोकं सापडल्यावर काढूनच टाकली. दुरुस्त करायला जबाबदार माणूस नाही, मग ठेवायची कशाला, असा त्यामागचा रोकडा हिशोब. काळ्या पडद्यावरचा मजकूर झरझर वर निघून जातो आणि मागे आणता येत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. जिथे वापरातली सोय टिकली नाही तिथे देवनागरीचा सांभाळ कोण करणार?

तेव्हा मागणी नेमकी करायला हवी. कन्सोलची दोन कामं आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक, यंत्र चालू असताना आज्ञा लिहायची आणि उत्तर वाचायची जागा. दुसरं, प्राण कंठाशी आल्यावर चार शब्द बोलायची जागा. पहिलं काम कर्नलच्या बाहेर नेता येतं. २०११-१२च्या सुमारास डेव्हिड हेरमान यांनी ‘केएमएसकॉन’ नावाचा प्रकल्प नेमका यासाठी सुरू केला. कन्सोल हा साधा प्रोग्रॅम करायचा, आणि अक्षरं रंगवायला चित्रमय पडद्यावर वापरतात तेच ‘पँगो’ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. ५१२ची अट तिथे आपोआप सुटते. तो प्रकल्प मध्ये बरीच वर्षं थंडावला होता, आता पुन्हा हात लागले आहेत. देवनागरी त्यात घरं सोडून पसरते, रकाने बिघडतात, हे खरं. पण हे दोष कर्नल न हलवता सुधारता येणारे आहेत. दुसऱ्या कामासाठी लिपीची गरजच नाही. लिनक्सच्या ६.१० या आवृत्तीत, म्हणजे २०२४ साली, कर्नल कोसळताना दाखवायचा एक स्वतंत्र पडदा आला, आणि त्याच वर्षी ६.१२मध्ये त्या पडद्यावर क्यूआर कोड उमटवायची सोय झाली. पानाच्या टपरीवर पैसे देताना जो चौकोन आपण मोबाइलनं टिपतो तोच. आज त्या चौकोनात इंग्रजी नोंदच असते, पण ती आता मोबाइलवर पोचलेली असते, आणि मोबाइलला मराठी येते. कर्नलनं लिपी शिकायची गरज नाही, आपल्या दुखण्याचा क्रमांक सांगितला तरी पुरे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ही रीत कित्येक दशकांची आहे. तिथे प्रत्येक संदेशाला क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली अर्थ, कारण व उपाय सांगणारी जाडजूड पुस्तकं. पुस्तक कोणत्या भाषेत छापायचं हे यंत्र ठरवत नाही.

आता खरा आक्षेप. दुरुस्ती करणाऱ्याला इंग्रजी आलंच पाहिजे, आज्ञा इंग्रजीतच लिहायच्या असतात, मग स्पष्टीकरण मराठीत देऊन काय साधणार? इथे मला सगळ्यात सोपं उदाहरण ग्राफिक्स कार्डाचंच दिसतं. जुन्या यंत्रावर नवं लिनक्स टाकलं की पुष्कळदा सुरुवातीच्या यादीनंतर पडदा काळाच राहतो किंवा मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो. कर्नलनं कार्ड चुकीचं ओळखलेलं असतं. किंवा मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर लावलेला असतो आणि मॉनिटर आपली ओळख सांगणारी जी माहिती केबलमधून पाठवतो ती कर्नलपर्यंत पोचलेलीच नसते, म्हणून तो अंदाजानं आकार ठरवतो. उपाय असा, की सुरुवातीच्या यादीवर ‘ई’चं बटण दाबायचं, कर्नलच्या ओळीच्या शेवटी एक शब्द टाइप करायचा, ‘नोमोडसेट’, आणि एफ-१० दाबायचं. ओळख न पोचल्याचं दुखणं असेल तर ‘व्हिडिओ=’ लिहून पुढे मॉनिटरचा आकार द्यायचा. सगळ्यात जुन्या पद्धतीत ‘व्हीजीए=७९१’ असं लिहीत, म्हणजे १०२४ बाय ७६८. हे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात आणि ते रोमनमध्येच राहावेत. आज्ञेचं भाषांतर मागणारा माणूस उद्या पाइपच्या आट्यांचंही मराठीकरण मागेल. पण कोणता शब्द, कधी, का आणि तो कायमचा करावा की तात्पुरता, हे समजावण्यात इंग्रजीचं काय काम? म्हैसाळ योजनेचं पाणी उपसणाऱ्या पंपाचा स्टार्टर उघडून रिले बदलणारा वायरमन ‘रिले’ इंग्रजीतच म्हणतो, पण तो का जळला हे मराठीत शिकलेला असतो. त्याला कोणी इंग्रजी व्याकरणाची परीक्षा घेऊन स्टार्टरला हात लावू देत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. मोबाइलचा कॅमेरा धरला की हवं ते भाषांतर मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला? कॅमेरा शब्द उलटतो, खरं आहे. पण कन्सोलची भाषा ही इंग्रजी शब्दांत लिहिलेली कारागिरांची बोली आहे. डिस्क तपासताना ‘ऑर्फन्ड आयनोड’ साफ केल्याची ओळ येते. तिचं शब्दशः मराठी ‘अनाथ’ असं काहीतरी होईल आणि वाचणारा आणखी गोंधळेल. त्या ओळीचा अर्थ इतकाच, की वीज गेली तेव्हा पुसली जात असलेली एक फाइल अर्धवट राहिली होती, ती आता पूर्ण पुसली, काळजीचं कारण नाही. हा अर्थ त्या शब्दांत नाही, माहीतगाराच्या डोक्यात आहे, आणि माहीतगारानं एकदा मराठीत नीट लिहून ठेवला तरच पुढच्या काळातल्या भाषांतर करणाऱ्या यंत्रालाही तो सापडेल. मराठीत हे लिहिलेलंच नसेल तर ते यंत्र इंग्रजीवरून अंदाज बांधतं, आणि डिस्कच्या बाबतीत चुकलेला अंदाज महाग पडतो.

कन्सोल पाहतोच कोण, असंही विचारतात. थोडेच पाहतात, पण ते थोडे आता वाढणार. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि अलीकडचे प्रोसेसर लागतात. शाळा आणि लहान कचेऱ्यांतली कितीतरी चालती यंत्रं या एका अटीवर बाद ठरतात. त्यांना वाचवायचं तर लिनक्सच आहे, आणि जुन्या यंत्रावरचं लिनक्स म्हणजे कधी ना कधी काळ्या पडद्याशी गाठ. केरळनं शाळांमध्ये लिनक्स नेलं तेव्हा यंत्रांबरोबर मल्याळम पुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही नेलं, म्हणून ते टिकलं. आपल्याकडे २००१पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं लाखो माणसांची संगणकाची भीती घालवली, हे मोठं काम झालं. पण ती ओळख वरच्या मजल्याशी होती. खालचं तळघर अभ्यासक्रमाबाहेर राहिलं.

मराठी लिहायचं कसं, हा मात्र सगळ्यात अवघड भाग आहे, आणि इथे आपला इतिहास फार अभिमानाचा नाही. परिभाषेच्या नावाखाली असे शब्द घडवले गेले की वाचणारा परत इंग्रजीकडे धावला. कर्नलला ‘गाभा’ म्हणून कोणाचं भलं होणार नाही. ‘माउंट’, ‘ड्रायव्हर’, ‘कन्सोल’, ‘बूट’ हे शब्द तसेच ठेवावेत, ते मिरजेच्या दुकानात रोज बोलले जातात. मराठी हवी ती क्रियापदांत आणि कारणांत. म्हणजे काय झालं, कशामुळे झालं, आता काय करा, काय करू नका. भाषा संचालनालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अशा शे-दीडशे संदेशांचं पुस्तक हाती घ्यावं. वारंवार दिसणारे संदेश तेवढेच असतात, हजारोंच्या मागे लागायचं कारण नाही. तपासायला मात्र भाषातज्ज्ञांआधी दुकानदार बसवावेत. सांगलीत विश्रामबागेतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणक चालवण्याचा वर्षभराचा ट्रेड आहे. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे ती ज्यांना लागते ती मुलं. सरकारनं संगणक विकत घेताना कीबोर्डवरच्या अक्षरांबरोबर हे पुस्तकही अटीत घालावं, आणि ते मोकळ्या परवान्यानं द्यावं, म्हणजे क्यूआर कोड वाचणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपला ते वापरता येईल. पुण्याची सी-डॅक हे करू शकते का, हा प्रश्न जिस्ट कार्ड ज्यांनी पाहिलं ते विचारणार नाहीत.

हे पुस्तक कसं दिसेल, याचा नमुना म्हणून काळ्या पडद्यावरची सगळ्यात धास्तीची ओळ घेऊ. कर्नल पॅनिक, रूट फाइलसिस्टिम माउंट करता आली नाही, ‘अननोन ब्लॉक (०,०)’. तिच्याखाली मराठीत इतकं हवं: ‘ज्या डिस्कवर सगळी व्यवस्था आहे ती कर्नलला दिसली नाही. नुकताच अपडेट केला असेल, तर नव्या कर्नलची सुरुवातीची फाइल अर्धवट तयार झाली असण्याची शक्यता जास्त. यंत्र बंद करून पुन्हा लावा, सुरुवातीच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. त्यानंही तीच ओळ आली तर वीज काढून डिस्कची केबल दोन्ही टोकांना नीट बसवा. तोवर कोणी सांगितलं तरी डिस्क फॉरमॅट करू नका. तुमच्या फाइली बहुधा जागेवरच आहेत.’